साहेबांच्या खारींसाठी खाऊचा डबा

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडला, कारखान्यांच्या बेटावर, जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझा वैरी सात वर्षं माझ्या बरोबर पुढच्या सीटवर बसला. त्याच्या डोक्याचा मागचा भाग मी माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाहिला आहे. उजवीकडे भोवरा, डावीकडे चामखीळ, आणि मधल्या सगळ्या जागेत अहंकार. तोही पुण्याचा, मीही पुण्याची. तो पंप बघायचा, मी मीटर आणि व्हॉल्व्ह. आमचा साहेब एक, बस एक, मराठी मंडळसुद्धा एक, त्यामुळे भांडायला कुठे वेगळं जावं लागत नसे.

भांडण कशावरून सुरू झालं हे विचाराल तर मी मोदकांवरून सांगेन. गणपतीत मंडळासाठी मी एकशे एक उकडीचे मोदक केले होते. हा गृहस्थ पानावरून उठून चार चिनी पाहुण्यांना सांगतो काय, "हे आमचं डंपलिंग. आज जरा जाड झालंय." तो मात्र सांगेल की मी त्याच्या पंपाच्या रिपोर्टवर लाल पेनने एकोणीस चुका काढल्या. काढल्या होत्या. वीस होत्या, एक दयेपोटी सोडली.

दोन हजार चौदा-पंधराच्या सुमारास आमचे इंग्रज साहेब निवृत्त होऊन आपल्या गावी परतायला निघाले आणि त्यांची खुर्ची रिकामी होणार हे ठरलं. ती आमच्या दोघांपैकी एकाला मिळणार हेही सगळ्यांना माहीत होतं, आणि साहेब ज्याचं नाव सुचवतील त्यालाच मिळणार हेही. खुर्चीचं मला फार वेड होतं असं नाही. पण ती त्याला मिळाली असती तर मला रजेचा अर्ज घेऊन त्याच्यासमोर उभं राहावं लागलं असतं. भावाच्या मुलीच्या लग्नाला जायचंय हो, चार दिवस सोडा हो. आणि तो पेन टेबलावर टकटक वाजवत म्हणाला असता, "बघू." त्या एका "बघू"साठी मी समुद्रात उडी मारली असती.

निरोपसमारंभाला साहेबांना काय द्यायचं हे विचारायला आम्ही दहा-बाराजण त्यांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब म्हणाले, "पितळेची ताटली नको. सोन्याचा मुलामा दिलेलं ऑर्किड तर मुळीच नको, घरी सहा आहेत. मला खारींसाठी फीडर द्या."

"वा!" आमची अकाउंट्सवाली बाई म्हणाली. "सर किती प्रेमळ!"

"त्यांना गोळी घालायची आहे," साहेब म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. गावाकडे त्यांची छोटी वनराई आहे, स्वतः लावलेली. तिथे करड्या खारी आहेत, आपल्याकडच्या दोन-तीन खारींएवढी एक. त्या कोवळ्या झाडांची साल सोलून काढतात आणि झाड वाळतं. एअर रायफलने त्यांचा बंदोबस्त करायला तिथे परवानगी आहे, पण झाडावर पळती खार मारणं म्हणजे नुसतं जखमी करणं. त्यासाठी ती ठरलेल्या जागी रोज यायला हवी, खायला हवी आणि खाताना हलता कामा नये. मागे जाड खोड हवं, म्हणजे छर्रा चुकला तरी तिथेच अडकेल. आणि अध्येमध्ये पक्षी नकोत.

"पण सर, बिचाऱ्या खारी," कोणीतरी म्हणालं.

"बिचाऱ्या कसल्या? त्या मुळात तिथल्या नाहीतच. बाहेरून आणलेल्या. येतात, भरपूर खातात, भरपूर पिल्लं घालतात आणि तिथल्या तांबड्या खारींना हुसकून लावतात."

केबिनमध्ये एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे बाहेरच्या देशातून नोकरीला आलेली, नऊ माणसं होती. नऊही माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली.

साहेबांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांनी आमच्या दोघांकडे बोट केलं. "तुम्ही दोघं एकेक फीडर निवडा. नीट तपासून, कंपनीच्या पद्धतीने. एकाचा कागद, दुसऱ्याची सही." आमच्याकडे कुठलीही वस्तू सुचवायची तर कागदावर दोन सह्या लागायच्या, तयार करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. "म्हणजे तुमच्या कागदावर ह्यांची सही आणि ह्यांच्या कागदावर तुमची. माझ्या खुर्चीवर बसणाऱ्याला दिवसभर एवढंच काम असतं, जो आपल्याला पाण्यात पाहतो त्याची सही आणणं. कोण आणतं ते मला जाण्याआधी बघायचंय."

बाहेर पडताच वैऱ्याने मला मराठीत सुनावलं. "मॅडम, मी सही करणार नाही. खार आहे ती. रामाची बोटं आहेत तिच्या पाठीवर."

"ती आपल्या खारीच्या पाठीवर," मी म्हटलं. "इंग्लंडच्या खारीची पाठ कोरी आहे. सेतू बांधायला ती आली नव्हती."

"पाप ते पाप."

"मग साहेबांना सांगा तसं."

साहेबांना सांगायची त्याची छाती नव्हती. त्याने वेगळी युक्ती काढली. बाजारात पक्ष्यांसाठी एक फीडर मिळतो, उभ्या नळीसारखा. चिमणीएवढा पक्षी बसला तर दाणे मिळतात, पण खारीएवढं वजन बसलं की बाहेरचं आवरण खाली सरकतं आणि भोकं बंद होतात. त्याने नेमका तोच मागवला. पंपवाल्याला वजनाने चालणाऱ्या गोष्टींचं कौतुक असतंच, वर खारही वाचणार आणि आपणही कागदोपत्री काम केलं असं होणार. मला त्याची योजना कळली तेव्हा मी बसमध्ये मोठ्याने हसले आणि भोवरा रागाने लाल झाला. डोक्याची मागची बाजूसुद्धा लाल होते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

मी क्लेमेंटीला एका जुन्या कॉन्डो सोसायटीत तळमजल्यावर राहत होते. मागे फरशीचं छोटं अंगण आणि अंगणाच्या कडेला रामबुतानचं जाड खोडाचं झाड. तिथे खारी भरपूर. इथली खार तपकिरी, पोट विटकरी, बाजूला एक पांढरा-काळा पट्टा, पाठ कोरी. मी चष्मा लावून खात्री करून घेतली. सिंगापुरात कुणाला काही मारायचं नव्हतंच, नुसतं खाताना बघायचं होतं. मी तीन फीडर आणले, घड्याळ घेतलं, वही घेतली आणि प्लँटवर मीटर तपासावा तशी सकाळी साडेसहाला खुर्ची टाकून बसू लागले.

पहिला जाळीचा. दाण्यांनी भरलेली तारेची नळी, फांदीला टांगलेली. खार आली, उलटी लटकली, दाणा कुरतडला, फिरली, सुलटी झाली, पुन्हा उलटी. सर्कशीतली बाई बरी. एक क्षण स्थिर नाही. दुसरा उघडा ट्रे. त्यावर साळुंक्यांची धाड पडली. दहा मिनिटांत ट्रे साफ, वर घाण, आणि खार फांदीवर बसून माझ्याकडे असं बघते की जणू मीच खाल्लं.

तिसरा लाकडी डबा, खोडावर स्क्रूने बसवायचा, समोर काच, वर झाकण. खारीने पुढच्या फळीवर बसायचं, डोक्याने झाकण उचलायचं आणि आत तोंड घालायचं. साळुंकीला ते जमत नाही. पहिले दोन दिवस खारीलाही जमेना. मग मी झाकणाखाली आइस्क्रीमची काडी लावून फट ठेवली. तिला आतला वास लागला. तिसऱ्या दिवशी काडी काढली तर बाईसाहेबांनी झाकण असं उचललं जणू आजोबांनी कारखाना काढला होता डब्यांचा.

पण अख्खा शेंगदाणा दिसला की ती तो तोंडात धरायची आणि पळायची. दोन सेकंद. कुठेतरी पुरून पुन्हा यायची, पुन्हा दोन सेकंद. वहीत सगळीकडे दोन, दोन, तीन, दोन. साहेबांना ह्या दोन सेकंदांचा काय उपयोग?

इथे माझ्या सासूबाई येतात. त्या व्हिजिट पासवर सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि पहिल्या आठवड्यापासून आमचं युद्ध चालू होतं. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत नाही हे त्यांचं दुःख, त्या मोठ्याने मोजतात हे माझं. त्या दिवशी उपासाची खिचडी करायची म्हणून त्या ओट्यापाशी दाणे भाजून, पाखडून, मिक्सरमधून कूट काढत होत्या. थोडं कूट अंगणाच्या पायरीवर सांडलं आणि एक खार येऊन बसली. बसली ती बसलीच. कूट काही तोंडात धरून पळता येत नाही. दोन्ही हात जमिनीला टेकून, मान खाली घालून, एखाद्या आजारी माणसासारखी चाटत राहिली. मी घड्याळ लावलं. अकरा सेकंद. मान वर, इकडेतिकडे बघून पुन्हा नऊ.

मी ओट्यापाशी धावले. "आई, उद्यापासून रोज वाटीभर जास्त कूट करता का? खारींना घालते."

त्यांनी मिक्सर बंद केला. "तू? खारींना?"

"हो."

"लग्नाला बावीस वर्षं झाली, तुझ्या हातून आज पहिल्यांदा काही पुण्य होतंय. करते बाई, करते."

मी गप्प बसले. हे गप्प बसणं मी मुद्दाम केलं, ते काही मी लपवत नाही.

कूट डब्यात भरलं आणि मी इंजिनियर असूनही गाढवपणा केला. दाणे खाली घरंगळतात म्हणून डबा उभा असतो, वरून भरायचा, खालून मिळायचं. कूट घरंगळत नाही. त्याला तेल सुटतं, इथल्या दमट हवेत ते गच्च बसतं, खाली पोकळी आणि वर भिंत. प्लँटवर पावडरच्या टाकीत हेच होतं म्हणून मी एकेकाळी एका ठेकेदाराची सालटी काढली होती. आता खार खालच्या रिकाम्या फटीत हात घालून बघत होती आणि काचेपलीकडे कुटाचा डोंगर तसाच. शेवटी मी आतली फळी काढून टाकली, तळाला स्टीलची एक बुटकी वाटी स्क्रूने घट्ट बसवली आणि त्यात रोज सकाळी ताजं कूट घालू लागले. शिळं ठेवलं की दोन दिवसांत खवट वास. वहीत आकडे वाढले. दहा, बारा, चौदा. खार आडवी बसलेली, झाकण डोक्यावर, मागे रामबुतानचं खोड. मी आनंदाने नाचले. सासूबाई म्हणाल्या, "वेडी झालीस का?" आणि वाटी पुन्हा भरली.

साहेबांनी रविवारी सकाळी प्रात्यक्षिक ठेवलं, माझ्याच अंगणात. ते हाफ पँटमध्ये आले, हातात लांब काळी छत्री. वैरी इस्त्रीच्या शर्टात आला, नळी कापडात गुंडाळून, देव घेऊन यावा तशी. त्याने ती अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगली. माझा डबा खोडावर. आम्ही तिघं पडद्यामागे बसलो. सासूबाई आत चहा करत होत्या. घरी साहेब आला आहे आणि त्याला खारी आवडतात एवढंच त्यांना माहीत होतं.

आधी दोन पक्षी येऊन वैऱ्याच्या नळीवर बसले आणि शांतपणे दाणे खाऊन गेले. मग खार आली. दांडीवरून नळीवर उतरली, आवरण खाली सरकलं, भोकं बंद. तिने वरून बघितलं, खालून बघितलं, नळीला एक चापट मारली.

"बघा सर!" वैरी कुजबुजला. "किती सुरेख बंद झालं!"

"सुरेख," साहेब म्हणाले. "पण मला ती जायला नकोय, बसायला हवीय."

खार रागाने खाली उतरली, भिंतीवरून रामबुतानवर गेली आणि थेट माझ्या झाकणाखाली डोकं घातलं. साहेबांनी छत्री उचलली. एक डोळा मिटला. मी हळू आवाजात मोजू लागले. चौदापर्यंत गेले. चौदाला साहेब ओठांतल्या ओठांत "ठप्" म्हणाले आणि छत्री खाली घेतली. चेहरा असा, की जणू कोणी त्यांना पहिल्या दिवशीच्या शाळेतून घरी आणलं.

"हे काय करतोय हा?" मागून आवाज आला. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

मी उत्तर द्यायच्या आत वैरी उठला. इतक्या तत्परतेने त्याला मी सात वर्षांत कधी उठताना पाहिलं नव्हतं. "काकू, तुम्हाला सूनबाईंनी सांगितलं नाही? साहेब खारी मारणार आहेत. बंदुकीने. खार खाताना हलू नये म्हणून हे कूट. तुमच्या हातचं."

सासूबाईंनी ट्रे खाली ठेवला. आधी माझ्याकडे बघितलं. "माझ्या हातून करून घेतलंस? मी रोज सकाळी अंघोळ करून दाणे भाजत होते."

"आई, इथे नाही मारणार, तिकडे इंग्लंडमध्ये..."

"तिकडे खारींना जीव नसतो?"

"काकू, मी तर पहिल्या दिवसापासून सांगतोय," वैरी म्हणाला. "रामाची खार. पाप आहे. पण मॅडम ऐकतील तर..."

आणि इथे त्याने चूक केली. गप्प राहिला असता तर माझी आहुती पडून यज्ञ तिथेच संपला असता. पण त्याला टाळ्या हव्या होत्या. सासूबाई त्याच्याकडे वळल्या.

"तू थांब रे. तू मोठा रामाचा लागून गेलास? तुझ्या बायकोनेच सांगितलं हळदीकुंकवाला. तुझ्या ओट्याखाली उंदीर झाले तेव्हा चिकट पुठ्ठे कोणी लावले? रात्रभर चिकटून पडलेला उंदीर सकाळी पुठ्ठ्यासकट पिशवीत घालून कचरा टाकायच्या भिंतीतल्या झडपेतून खाली कोणी टाकला? जिवंत!"

"काकू, तो उंदीर..."

"गणपतीचं वाहन आहे ते! दहा दिवस मंडळात आरतीला पुढे उभा राहतोस, हातात टाळ घेऊन. बाप्पाची गाडी पुठ्ठ्याला चिकटवलीस आणि आता खारीसाठी गळा काढतोस?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "त्या काय म्हणताहेत?"

मी सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही, माझ्याबद्दलचेही सांगितले. उंदराचं सांगताना जरा हात वगैरे केले, पुठ्ठ्याला पाय कसे चिकटतात ते. साहेब वैऱ्याकडे बघत म्हणाले, "चिकट पुठ्ठा? माझ्या गावात असं करणाऱ्याला कोणी बिअरसुद्धा पाजणार नाही."

वैऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पुढून बघायची मला सवय नव्हती, त्यामुळे मी नीट बघून घेतलं.

सासूबाई मात्र कोणाच्याच बाजूच्या नव्हत्या. त्या अंगणात गेल्या, साडीचा पदर खोचला, डब्याचं झाकण उघडलं आणि वाटीतलं कूट बोटांनी खरवडून कागदात घेतलं. साहेबांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि मराठीतच म्हणाल्या, "तोंडात घास असताना मारायचं नसतं. कोणालाच." मी तेही सांगितलं. साहेब उभे राहिले, त्यांना बरंच काही बोलायचं असावं, पण फक्त "येस, मॅडम" म्हणाले. चहा कोणीच घेतला नाही. जाताना दारात ते आम्हा दोघांना म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत कागद. दोन सह्या."

सासूबाई त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. नवऱ्याने दोघींच्या मध्ये बसून जेवण केलं आणि पाणीसुद्धा स्वतः घेतलं.

सोमवारी बसमध्ये भोवरा नेहमीपेक्षा ताठ होता. मी पुढे वाकले.

"साहेब." त्याला टोचायचं असलं की मी साहेब म्हणायचे. "तुमचा कागद द्या. सही करते."

तो सावकाश वळला. "का?"

"तुमचं खरं आहे म्हणून. खार बसली की भोकं बंद होतात. मी डोळ्यांनी पाहिलं. जे पाहिलं त्यावर सही करायला काय जातंय?"

त्याने संशयाने कागद दिला. मी तो फायलीवर ठेवून खाली तपासणाऱ्याच्या रकान्यात चार ओळी लिहिल्या, सही केली, घडी घालून परत दिला. त्याने घडी जरा उघडून सही बघितली आणि त्याचे डोळे चमकले. माझी सही त्याच्या हातात होती. सात वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्या हातचा कागद न वाचता खिशात घातला. स्वल्पविराम मोजणारा माणूस! आनंद माणसाचं काय करील सांगता येत नाही.

"आता माझा," मी म्हटलं. "तुम्हीसुद्धा पाहिलंत. चौदा सेकंद."

"पाप आहे."

"पाप साहेबांचं. तुम्ही फक्त आकडा तपासायचा. की तुम्हाला मोजता येत नाही म्हणू?"

बसमधली चार मराठी डोकी आता उघड ऐकत होती. तो हसला. खुर्ची मिळालेला माणूस हसतो तसं, उदारपणे. "माझ्या मोजणीने तेरा," तो म्हणाला, चौदा खोडून तेरा केलं आणि झोकदार सही ठोकली. "घ्या. मी काही तुमच्यासारखा कोत्या मनाचा नाही."

संध्याकाळी आम्ही दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवले. त्यांनी आधी माझा वाचला आणि तेराला मान डोलावली. मग त्याचा उचलला आणि शेवटच्या चार ओळी मोठ्याने वाचल्या. माझ्याच अक्षरातल्या.

"तपासलं, बरोबर आहे. हा फीडर एकटा निरुपयोगी. मात्र लाकडी डब्याशेजारी टांगल्यास पक्षी इथेच खातात आणि नेमाच्या रेषेत येत नाहीत. खारीला इथे नकार मिळतो आणि ती भुकेली व चिडलेली थेट डब्याकडे जाते, जसं रविवारी झालं. दोन्ही एकत्र द्यावेत."

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला.

"म्हणजे हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं?" साहेबांनी विचारलं.

"हो सर," मी म्हटलं. "त्यांच्या नळीशिवाय माझा डबा अपुरा आहे. खरं श्रेय त्यांचंच."

वैऱ्याचं तोंड उघडलं. नाही म्हणावं तर त्याचं नाव त्या कागदावर सर्वांत वर होतं. हो म्हणावं तर इंग्लंडमधल्या प्रत्येक खारीला डब्याकडे हाकणारा तो. तो "थँक यू, सर" म्हणाला. काय करणार?

साहेब इतके खूश झाले की त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पक्ष्यांचं मला सुचलंच नव्हतं!" मग माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही ह्यांची सही आणलीत, वर ह्यांनाच कामाला लावलंत. मला हेच बघायचं होतं."

खुर्ची मला मिळाली. त्या खारींचं पुढे काय झालं मला माहीत नाही. साहेबांनी कळवलं नाही आणि मी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, मला त्यांचं फार काही वाटलंही नाही. घरी येऊन बातमी सांगितली तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. मी म्हटलं, "आई, काहीतरी गोड करूया का?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "आधी सुतक पाळ." तीन महिन्यांनी पुण्याला परत जाईपर्यंत त्यांनी घरात दाण्याचं कूट केलं नाही आणि मला करू दिलं नाही. डबा त्यांनी खोडावरून स्वतः उतरवला, स्क्रू ड्रायव्हर शेजारच्या चिनी आजोबांकडून मागून आणून. हातवाऱ्यांनी. मला विचारलं नाही.

नव्या खुर्चीतल्या पहिल्या सोमवारी टेबलावर एकच कागद होता. वैऱ्याचा बदलीचा अर्ज. बेटाच्या पलीकडच्या टोकाला दुसऱ्या विभागात जायचंय, कारण वैयक्तिक, वरिष्ठांची सही आवश्यक. तो समोर उभा होता, हात मागे बांधून, नजर माझ्या मागच्या भिंतीवर.

मी अर्ज दोनदा वाचला. एक स्वल्पविराम चुकला होता, तो लाल पेनने दुरुस्त केला. मग पेन टेबलावर वाजवलं.

"बसा ना, साहेब," मी म्हटलं.

"सही करताय का?"

पलीकडच्या विभागात त्याच्या चुका कोणी काढल्या नसत्या, माझ्या मोदकाला कोणी डंपलिंग म्हटलं नसतं, आणि बसमध्ये समोरच्या सीटवर कोणीतरी अनोळखी, गुळगुळीत डोकं आलं असतं. मी विचार करून पाहिला. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

"बघू," मी म्हटलं, आणि अर्ज खणात ठेवला.